शेतावरचे वेल्डिंग : यंत्र घेण्याआधी आणि घेतल्यानंतर



ऊस विकास विभागाच्या माणसाने बेणे, लागण, खोडवा सोडून वेल्डिंगवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण गटावर फिरताना हुमणीच्या खालोखाल आता हाच प्रश्न कानावर येतो : "साहेब, पोरगं वेल्डिंगचं मशीन घ्या म्हणतंय. घेऊ का? किती नंबरचं घेऊ?" फाटकाची बिजागरी तुटली, गोठ्याच्या पत्र्याचा अँगल निसटला, की उमरगा किंवा मुरूम गाठायचे, तिथे नंबर लावायचा आणि दिवस घालवायचा. त्यापेक्षा घरी यंत्र असलेले बरे, हा विचार चुकीचा नाही. परंतु दुकानात जाण्याआधी काही गोष्टी पक्क्या माहीत हव्यात, कारण या कामात विजेचा धक्का आणि आग हे दोन्ही धोके एकाच वेळी हाताशी असतात.

आधी वीज बघा

दुकानदार यंत्राच्या नंबरापासून बोलायला सुरुवात करतो. आपण आपल्या मीटरपासून करावी. अडीच मिलिमीटरचा रॉड साधारण ९० अँपियरवर चालतो. त्या वेळी ठिणगीपाशी दाब २३-२४ व्होल्ट असतो, म्हणजे रॉडच्या टोकाशी दोन किलोवॉटच्या वर शक्ती खर्च होते. यंत्रातली घट आणि पॉवर फॅक्टर धरला की घरातल्या २३० व्होल्टच्या लाइनवरून १७ अँपियरच्या आसपास करंट ओढला जातो. सव्वातीनचा रॉड १३० अँपियरवर चालवला तर हाच आकडा २५ पर्यंत जातो. आता बघा, भिंतीवरचा मोठा सॉकेट असतो १६ अँपियरचा. त्यात पिन खोचून वेल्डिंग सुरू केले की पहिल्या दिवशी काही होत नाही. आठवड्याने पिन काळी पडते आणि महिन्याने सॉकेट वितळतो.

म्हणून वेल्डिंगसाठी मीटरच्या बोर्डापासून वेगळी लाइन काढावी. तांब्याची ४ चौरस मिलिमीटरची वायर, अंतर लांब असेल तर ६ ची, सुरुवातीला ३२ अँपियरचा एमसीबी आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, शेवटी ३२ अँपियरचा औद्योगिक प्लग. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे आणि महावितरणकडे घरचा मंजूर भार वाढवून घ्यावा. विहिरीवरच्या मोटारीच्या जोडणीवर यंत्र चालवण्याचा मोह पुष्कळांना होतो, कारण तिथे थ्री फेज असते. ती जोडणी शेतीपंपासाठी दिलेली आहे. तिचा दुसरा वापर केल्यास वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली आकारणी होते, हे ध्यानात असू द्यावे.

अर्थिंगचा मुद्दा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा. आपली जमीन काळी. पावसाळ्यात चिखल होतो, चैत्र-वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भेगाळलेल्या कोरड्या मातीत पुरलेला पाइप मातीला नीट चिकटून राहत नाही आणि अर्थिंग नावापुरते उरते. खाली मुरूम लागला तर तोही कोरडा असताना वीज नीट वाहून नेत नाही. म्हणून जस्ताचा मुलामा दिलेला ४० मिलिमीटरचा, निदान अडीच मीटर लांबीचा पाइप उभा पुरावा, भोवती मीठ-कोळसा भरावा, आणि उन्हाळ्यात दर आठवड्याला त्या खड्ड्यात दोन-तीन घागरी पाणी ओतावे. आपण लागणीच्या उसाला पाणी द्यायला विसरत नाही, तसे हेही विसरू नये.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. यंत्राची दुसरी केबल, जिच्या टोकाला चिमटा असतो, तिलाही लोक अर्थिंगच म्हणतात. ती अर्थिंग नव्हे. ती करंट परत नेणारी केबल आहे. यंत्राच्या लोखंडी अंगाची अर्थिंग प्लगच्या तिसऱ्या तारेतून जमिनीत जाते, आणि ती नसेल तर चिमटा कितीही घट्ट लावला तरी यंत्राला हात लावणारा माणूस सुरक्षित नाही.

कोणते यंत्र

पूर्वी शेड म्हटले की तेलात बुडवलेल्या ट्रान्सफॉर्मरचे जड यंत्र असे. चार माणसे लागत हलवायला, आणि बहुतेक दोन फेज लागत. ही यंत्रे टिकाऊ खरी, अजूनही रोजचे काम करणाऱ्या शेडवाल्यांकडे आहेत. घरच्या कामाला मात्र इन्व्हर्टर पद्धतीचे सिंगल फेज यंत्र घ्यावे. वजन पाच-सात किलो, एका हाताने उचलता येते, डीसी करंट मिळतो म्हणून नवशिक्याची ठिणगी लवकर स्थिर होते. उणीव एवढीच की आतल्या इलेक्ट्रॉनिक पाट्यांना धूळ, विशेषतः ग्राइंडरची लोखंडी धूळ, सोसत नाही. ग्राइंडर यंत्रापासून लांब चालवावा.

नंबराला भुलू नका. खोक्यावर २०० किंवा २५० छापलेले असते, ते दर वेळी खरे अँपियर असतेच असे नाही. यंत्राच्या पाठीवर जी पट्टी असते तिच्यावर किती अँपियरला किती टक्के ड्यूटी सायकल आहे, ते वाचावे. २०० अँपियरला ६० टक्के याचा अर्थ दहा मिनिटांपैकी सहा मिनिटे जोडकाम आणि चार मिनिटे विश्रांती. हा आकडा सहसा ४० अंश तापमानाला धरलेला असतो. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली त्याहून जास्त तापते, तेव्हा यंत्र लवकर थकून बंद पडते. ते बिघडलेले नसते, थंड होऊ द्यावे. दुसरी गोष्ट, संध्याकाळी गावात दाब १८० पर्यंत उतरतो. तेवढ्या दाबावर यंत्र चालते का, हे दुकानदाराकडून पावतीवर लिहून घ्यावे. तीनच्या रॉडपर्यंतचे काम असेल तर खरे १६० अँपियर देणारे यंत्र पुरते, त्याहून मोठ्याची हौस कशाला?

यंत्राच्या किमतीइतकाच खर्च बाकीच्या सामानाला धरून चालावे. सोबत येणाऱ्या केबल बहुधा आखूड आणि बारीक असतात. तांब्याच्या २५ चौरस मिलिमीटरच्या घ्याव्यात. होल्डरचे प्लास्टिक फुटके नको. डोक्यावर बसणारा काचेचा मुखवटा घ्यावा, हातात धरायचा नव्हे, कारण एक हात जॉब धरायला मोकळा लागतो. काच १० किंवा ११ नंबरची. आपोआप काळी होणारी काच महाग असली तरी नवशिक्याला फार उपयोगी, त्याला रॉड टेकवताना जागा दिसते. चामड्याचे लांब हातमोजे, सुती जाड शर्ट, बंद बूट. टेरिकॉटचा शर्ट ठिणगीने वितळून कातडीला चिकटतो. चप्पल घालून वेल्डिंग करणारा कारागीर आपण रोज पाहतो, पण त्याच्या पायावरचे डागही पाहावेत.

रॉड आणि हात बसवणे

सुरुवातीला ६०१३ जातीचा रॉड घ्यावा, अडीचचा आणि सव्वातीनचा. आयएसआय चिन्ह आणि आयएस ८१४ हा क्रमांक पुड्यावर बघावा. जुनी मंडळी अजून अडवाणीचा रॉड मागतात. १९५१ साली सुरू झालेली अडवाणी ओर्लिकॉन ती हीच, आज तिचे नाव अडॉर. ७०१८ जातीचा रॉड मजबूत, पण त्याला भट्टीत सुकवावे लागते आणि हात बसलेला लागतो. त्याच्या वाटेला पहिले वर्ष जाऊ नये. पुडा फोडल्यावर रॉड घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. श्रावणात उघडे राहिलेले रॉड ओल धरतात आणि जोडाला सुईच्या टोकाएवढी भोके पडतात.

अडीचच्या रॉडला ६० ते ९०, सव्वातीनला ९० ते १३० अँपियर हे साधारण माप. पहिला आठवडा फाटकाला हात लावू नका. सहा मिलिमीटर जाडीच्या पट्टीचे तुकडे आणा, ग्राइंडरने गंज आणि रंग काढा, चिमटा पांढऱ्या लोखंडावर लावा. काडेपेटीवर काडी ओढावी तसा रॉड ओढून ठिणगी काढायची आणि रॉडच्या जाडीएवढेच अंतर ठेवून सावकाश स्वतःकडे आणायचे. चिकटला तर घाबरू नका, मनगटाने झटका द्या, नाही निघाला तर होल्डर सोडवा. कढईत भजी तळताना येतो तसा एकसारखा आवाज आला की समजा अंतर आणि अँपियर जमले. फटफट आवाज म्हणजे अंतर जास्त.

ओळी सरळ यायला लागल्या की दोन पट्ट्या काटकोनात एकाच बाजूने जोडा, शेगड्यात धरा आणि घणाने त्या जोडावर उलट्या बाजूला वाकवून तोडा. तुटलेला भाग पाहा. मधे काळा स्लॅग अडकलेला दिसला, किंवा एका पट्टीचे कड जसेच्या तसे राहिलेले दिसले, तर जोड वरून कितीही सुबक असो, तो कच्चा आहे. या एका परीक्षेने जेवढे शिकता येते तेवढे मोबाइलवरचे दहा व्हिडिओ पाहून येत नाही. ज्याला खरोखर धंदा म्हणून शिकायचे आहे त्याने शासकीय आयटीआयत जावे. वेल्डर हा तिथे एका वर्षाचा अभ्यासक्रम आहे.

फाटकाच्या चौकोनी पाइपची जाडी सव्वा-दीड मिलिमीटरच असते. तिथे सलग ओळ ओढली की भोक पडते. अँपियर ६० च्या आसपास आणून एकेक टिपका देत, मधे थंड होऊ देत पुढे जावे.

जिवाची काळजी

वेल्डिंगचा उजेड उघड्या डोळ्याने पाहिला तर त्या वेळी काही वाटत नाही. रात्री दोन वाजता डोळ्यांत वाळू टाकल्यासारखे होते, पाणी गळते. बटाट्याच्या फोडी आणि दुधाच्या घड्या करत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे. जवळ उभी राहिलेली पोरे तर मजा म्हणून बघतात. काम चालू असताना त्यांना अंगणात थांबू देऊ नका.

जीआय पाइपवरचे जस्त जळून पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. जोडाच्या दोन्ही बाजूंचे जस्त आधी घासून काढावे आणि वारा पाठीकडून किंवा बाजूने येईल असे बसावे. डिझेलचे, ऑइलचे किंवा औषधाचे रिकामे पिंप जोडायला घेऊच नये. रिकाम्या पिंपात राहिलेली वाफ स्फोट घडवते, पाण्याने विसळल्याने ती जातेच असे नाही.

माघ-फाल्गुनात उभा ऊस, पाचट आणि कडब्याची गंजी, तिन्ही वाळलेले असतात. ठिणगी दहा मीटरपर्यंत जाऊ शकते. तेवढी जागा झाडून, पाणी मारून घ्यावी, दोन बादल्या पाणी आणि वाळू जवळ ठेवावी. काम संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबावे, कारण पाचटात पडलेली ठिणगी धुमसत राहून नंतर पेट घेते. एकाचा निष्काळजीपणा बांधाला बांध असलेल्या चार जणांचा ऊस जाळतो, आणि जळका ऊस तातडीने तोडायला टोळी मिळवताना काय ओढाताण होते ती सभासदांना वेगळी सांगायला नको.

ओल्या जमिनीवर, घामाने भिजलेल्या हातमोज्यांनी काम करू नये. पायाखाली कोरडी फळी घ्यावी. कुणाला धक्का बसलाच तर आधी एमसीबी पाडावा, मग माणसाला हात लावावा. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देत राहावे आणि १०८ ला फोन करावा.

घरी करू नयेत अशी कामे

ट्रॅक्टरवर जोडकाम करायचे तर बॅटरीची दोन्ही टोके काढून ठेवावीत आणि चिमटा जोडाच्या अगदी शेजारी लावावा. लांब लावला तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि बेअरिंगला खड्डे पडतात. रोटाव्हेटरची पाती कडक पोलादाची असतात. जोड दिला की त्याच्या शेजारून तुटतात आणि तुकडा गोळीसारखा उडतो. बिडाच्या पंपाची बॉडीही साध्या रॉडने धरत नाही.

राहिला ट्रॉलीचा हूक, ड्रॉबार आणि एक्सल. इथे मी कुणाचीच भीड धरणार नाही. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरून रात्री चालतात, मागून एसटी आणि मोटारसायकली येत असतात. घरी शिकलेल्या हाताने जोडलेला हूक चढावर सुटला तर मागची ट्रॉली उलटी घरंगळते, आणि ती थांबवायला कुणाचाही ब्रेक उपयोगी पडत नाही. हूकला तडा दिसला की त्यावर ओळ मारून झाकू नये, हूक बदलावा. ज्यांच्या ट्रॉल्या वाहतुकीच्या करारात आहेत त्यांनी दसऱ्याच्या आधी हूक, पिन आणि साखळी जाणत्या वर्कशॉपमध्ये रंग खरवडून तपासून घ्यावी. रंगाखालचा तडा दिसत नाही, म्हणून खरवडूनच. गाळप सुरू झाल्यावर वर्कशॉपला रांग लागते आणि मग घाईत कामचलाऊ डाग दिला जातो.