रेझिनवरचा धूसरपणा जाईल का?

प्रश्न : पावसाळ्यात इपॉक्सी रेझिनचे कोस्टर केले. वर तेलकट, पांढुरकी साय धरली. रेझिन खराब निघालं का? टाकून देऊ? – एक वाचक भगिनी, भिलाई

उत्तर : ताई, टाकू नका. दोष बहुधा रेझिनचा नाही. दमट हवेतल्या बाष्पाशी आणि कार्बन डायऑक्साइडशी हार्डनरचा संयोग होऊन असा थर येतो. रेझिन पूर्ण कडक झाल्यावर कोमट साबणपाण्याने धुवा. तरीही धूसर राहिलं, तर ४०० ते २००० नंबरचे वॉटर पेपर क्रमाने, पाणी लावून फिरवा आणि शेवटी पॉलिशिंग कंपाउंड लावा. किंवा घासून, पुसून, कोरड्या दिवशी नवा पातळ थर ओता. कोरडं घासू नका. मास्क, हातमोजे वापरा. आतला धूसरपणा पॉलिशने जात नाही. वरचा असेल, तर चमक परत येते.