शिक्षणाचा खर्च आणि मुलाखतीची पहिली पाच मिनिटे



दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या संस्थेच्या अभ्यासिकेत पालकांची ये-जा वाढते. गुणपत्रिका हातात असते, पण चेहऱ्यावर आनंदापेक्षा काळजीच अधिक. प्रश्न एकच, "पोरगं हुशार आहे, पण पैसा कुठून आणायचा?" चार वर्षांनी तोच मुलगा पदवी घेऊन येतो आणि विचारतो, "मुलाखतीत काय बोलू?" हे दोन प्रश्न वेगळे दिसत असले तरी आमच्या अनुभवाने ते एकमेकांत गुंतलेले आहेत.

प्रथम पैशाचा विचार करू. १९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९२० साली लंडनचे अपुरे शिक्षण पूर्ण करण्यास निघाले, तेव्हा सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून साठविलेली रक्कम, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज असा मेळ त्यांनी घातला. शिष्यवृत्ती, स्वकष्टाची कमाई आणि कर्ज हे तीन मार्ग आजही तेच आहेत. आपण ते याच क्रमाने चोखाळावेत.

१) शिष्यवृत्ती : अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. २०२१ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये दिली आहे. उत्पन्न त्याहून अधिक असेल तरी निराश होऊ नये. शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काच्या सवलतीची राज्याची योजना आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या पात्र विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून भोजन, निवास व निर्वाहासाठी रक्कम मिळते. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावा लागतो आणि दरवर्षी त्याचे नूतनीकरण करावे लागते, हे विसरू नये.

२) कमाई : कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रुजविलेली 'कमवा व शिका' योजना अनेक महाविद्यालयांत चालते. ग्रंथालयात वा कार्यालयात काही तास काम करून वह्या-पुस्तकांचा आणि मेसचा खर्च भागविता येतो.

३) कर्ज : ते शेवटी घ्यावे आणि लागेल तेवढेच घ्यावे. चार लाख रुपयांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागत नाहीत. हप्ते साधारणपणे शिक्षण संपल्यावर एक वर्षाने सुरू होतात. व्याजाची आकारणी मात्र कर्ज उचलल्यापासूनच सुरू होते.

आता एक घडलेली गोष्ट सांगतो. आमच्या वस्तीतील एका मुलाला अभियांत्रिकीला जागा मिळाली होती. परंतु जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत आले नाही आणि जागा गेली. त्याने अकरावीतच अर्ज करायला हवा होता, आणि ते त्याला सांगणे आमचे काम होते. आम्ही ते केले नाही. त्या वर्षी तो एका किराणा गोदामात मालाचा हिशेब लिहीत होता. पगारातून त्याने थोडे पैसे साठविले आणि पुढच्या वर्षी प्रवेश घेतला.

शिक्षण संपल्यावर पहिल्याच मुलाखतीत विचारले गेले, "मध्ये एक वर्ष गॅप कशी?" गोदामातले काम सांगायची त्याला लाज वाटली. "आजारी होतो," तो म्हणाला. "काय आजार?" या पुढच्या प्रश्नाला त्याची जीभ अडखळली. मुलाखत तिथेच संपली. पुढच्या ठिकाणी त्याने घडले तसे सांगितले. तेव्हा साहेबांनी आवक-जावक कशी लिहायची, माल कमी भरला तर काय करायचा, हेच दहा मिनिटे विचारले. उत्तरे त्याच्या हातांना पाठ होती. ती नोकरी त्याला मिळाली.

यावरून आम्ही शिकलो ते असे. ज्या कष्टाने आपण फी भरली, ते कष्ट लपविण्याची गोष्ट नाही. तीच आपली ओळख आहे. म्हणून रविवारच्या वर्गात आम्ही पुढील गोष्टींचा सराव करून घेतो.

मुलाखतीची जागा आदल्या दिवशी पाहून यावी. कपडे नवे नसले तरी धुतलेले व इस्त्री केलेले असावेत. मूळ कागदपत्रे व झेरॉक्स प्रती एका फाईलमध्ये क्रमाने लावाव्यात. परवानगी घेऊन आत जावे, नमस्कार करावा आणि सांगितल्यावर बसावे. प्रश्न विचारणाऱ्याकडे पाहून बोलावे. "स्वतःविषयी सांगा" हा प्रश्न बहुधा येतोच. शिक्षण, केलेले काम आणि ही नोकरी का हवी, एवढे दोन मिनिटांत सांगता आले पाहिजे. इंग्रजीत अडल्यास घाबरू नये. मराठीत किंवा हिंदीत बोलण्याची परवानगी मागावी. येत नसेल त्या प्रश्नाला सरळ "माहीत नाही" म्हणावे.

पालकांना विनंती अशी की जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि आधारशी जोडलेले बँक खाते यांची तयारी मूल अकरावीत असतानाच सुरू करावी. काही अडले तर अभ्यासिकेत यावे. एका कागदापायी आपल्या मुलाचे एक वर्ष गेलेले आम्ही पाहिले आहे. ते पुन्हा पाहायचे नाही.

जयभीम!