काचेच्या पेटीतील ऊन

सरपटणारा प्राणी हौसेने पाळावा, ही कल्पना आपल्या आजोबांना रुचली नसती. परंतु आज शहरांतील काही घरांत 'बिअर्डेड ड्रॅगन' हा ऑस्ट्रेलियाचा दाढीवाला सरडा काचेच्या पेटीत दिसू लागला आहे. पेटीत थोडी वाळू, एक वाळके लाकूड, दोन दगड. पाहणारा म्हणतो, "वा, अगदी निसर्ग उतरवला आहे!" हा निसर्ग प्राण्यासाठी उतरवला आहे की पाहणाऱ्यासाठी, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

प्रथम सरड्याचा जमाखर्च पाहू. आपण खातो त्या अन्नाचा मोठा भाग शरीर ऊबदार ठेवण्यात खर्ची पडतो. सरडा हा खर्च करीतच नाही. तो ऊब बाहेरून मिळवतो. सकाळी कुंपणावर ऊन खात बसलेला आपला सरडा, ज्याला आमचे कन्नड मित्र ओतिक्यात म्हणतात, तो आळशी नसतो. दिवसभराचे भांडवल गोळा करीत असतो. अंग तापले की तो सावलीत जातो, गार झाले की पुन्हा उन्हात येतो. पुरेशी ऊब मिळाली नाही, तर खाल्लेले अन्नही त्याला पचत नाही.

म्हणून पेटी सगळीकडे सारखी गरम असून चालत नाही. दाढीवाल्या सरड्यासाठी एका टोकाला, दिव्याखाली, सुमारे ४० अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला सुमारे २५ अंश तापमान हवे. म्हणजे कोठे बसावे हे त्याचे त्याला ठरवता येते. लहान पेटीत अशी दोन टोके साधतच नाहीत. पूर्ण वाढलेल्या प्राण्यास निदान चार फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच जागा लागते. विजेवर तापणारे दगडही टाळावेत. त्यांनी पोट भाजते.

ऊन म्हणजे केवळ ऊब नव्हे. उन्हातील 'अतिनील ब' किरणांमुळे त्वचेत 'ड' जीवनसत्त्व तयार होते आणि त्यावाचून अन्नातील कॅल्शियम अंगी लागत नाही. मग जबडा मऊ पडतो, पाय वाकतात. खिडकीची साधी काच हे किरण अडवते. तेव्हा पेटी खिडकीशी ठेवून भागत नाही; उलट बंद पेटीची उन्हात भट्टी होते. त्यासाठी खास दिवा लागतो. हा दिवा पेटत राहिला तरी त्याचे किरण हळूहळू क्षीण होतात आणि डोळ्यांना ते कळत नाही. घसारा म्हणजे काय, हे समजून घेण्यास वाणिज्याच्या विद्यार्थ्याला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. दिवा ठरलेल्या मुदतीत बदललाच पाहिजे.

तिसरी बाब हवेतील ओलाव्याची. हा सरडा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला. बेळगावच्या आषाढात दोन-दोन दिवस कपडे वाळत नाहीत, तेथे त्याला श्वसनाचे विकार जडू शकतात. पेटीला हवा खेळती राहील अशी जाळी हवी. शेवाळ आणि कारंजे कितीही सुंदर दिसले तरी ते त्याच्या मुलखातले नव्हेत. याउलट न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या क्रेस्टेड गेको या पालीला ओलावा आणि झाडोरा हवाच असतो. निसर्ग एकच नसतो. ज्याचा त्याचा वेगळा असतो.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी. पाठीवर ताऱ्यांची नक्षी असलेले स्टार कासव लक्ष्मी येते म्हणून काही घरांत ठेवतात. ते आपल्याच देशातले वन्य प्राणी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिले असून २०२२ च्या दुरुस्तीने ते पहिल्या अनुसूचीत गेले आहे. २०१९ मध्ये 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय करारानेही त्याचा व्यापार बंद केला. ते बाळगणे हा तुरुंगवासास पात्र गुन्हा आहे. इग्वाना, बॉल पायथन यांसारखे त्या करारात समाविष्ट असलेले परदेशी प्राणी पाळणाऱ्यावर सरकारकडे नोंदणी करण्याचे बंधन आहे.

दाढीवाला सरडा नीट सांभाळला तर दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक जगतो. म्हणजे पदवी, नोकरी, लग्न, बदली या सर्वांतून त्याची पेटी आपल्याबरोबर न्यावी लागणार. खरेदीची किंमत एकदाच द्यावी लागते. वीज, दिवे, कीटक, भाजीपाला आणि पशुवैद्य हा खर्च चालूच राहतो. शिवाय सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा डॉक्टर गावात आहे का, हेही आधी पाहावे लागते.

तेव्हा मित्रहो, प्राणी आणण्यापूर्वी महिनाभर रिकामी पेटी चालवून पाहा. दोन्ही टोकांना तापमापक ठेवा, आर्द्रता मोजा, विजेचे बिल पाहा. आकडे जुळले तरच पुढचे पाऊल टाका. नाही जुळले तर पाहण्याची हौस सोडण्याचे कारण नाही. महाविद्यालयाच्या कुंपणावर रोज सकाळी सरडे येतात आणि त्यांना लागणारे ऊन कोणाला विकत आणावे लागत नाही.