चित्रांची गिरणी

धायरीतल्या एखाद्या शेताचा जुना सातबारा डोळ्यांपुढे आणा. कागद पिवळा पडलेला, शाई विटलेली. असे जुने अभिलेख स्कॅन करून संगणकावर पाहण्याची सोय महाराष्ट्राच्या महसूल खात्याने केली आहे. पण स्कॅन केलेले मूळ चित्र जसेच्या तसे प्रत्येकाला पाठवणे परवडत नाही. का, ते हिशेबानेच पाहू.

पान ए-४ आकाराचे धरू. दर इंचाला ३०० ठिपके घेतले की आडवे २४८० आणि उभे ३५०८ ठिपके होतात. म्हणजे सुमारे ८७ लाख. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी ३ बाइट धरले, तर एका पानाला २ कोटी ६१ लाख बाइट झाले! म्हणून मूळ 'टिफ' फाइल जपून ठेवतात आणि वाचकासाठी तिच्यावरून लहान 'जेपेग' प्रत करतात. डोळ्यांना फारसा न जाणवणारा तपशील तीत गाळलेला असतो. हेच चित्राचे रूपांतर.

कागदपत्रे सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हे काम पूर्वी मुख्य संगणकावरच चाले. घरच्या जात्यावर दळण काढावे तसे. 'अल्फ्रेस्को' हे असेच एक सॉफ्टवेअर. रूपांतरासाठी ते 'इमेजमॅजिक' ह्या आज्ञावलीची मदत घेते. शिवाय जो तो आपल्या सोयीच्या सूचना जोडी : फिकी शाई गडद कर, तिरके पान सरळ कर.

पण चित्र येते बाहेरून, आणि ते कोणी पाठवले ह्याचा भरवसा नसतो. २०१६ मध्ये इमेजमॅजिकमधील एक दोष उघड झाला. चित्र म्हणून पाठवलेल्या फाइलमध्ये हुकूम दडवता येई आणि रूपांतर करताना संगणक तो निमूटपणे पाळी. मुख्य संगणकावर असे घडले तर सगळे दप्तरच चोराच्या हाती!

म्हणून जाते घराबाहेर काढून गिरणी उभारली. आज्ञावली आणि तिला लागणारे सारे साहित्य एकत्र बांधलेली बंद पेटी म्हणजे 'कंटेनर'. नाव मालवाहू जहाजांवरून आले. २०१३ मध्ये आलेल्या 'डॉकर'मुळे ही पद्धत सर्वत्र पसरली. मुख्य संगणक फाइल पेटीकडे पाठवतो आणि तयार प्रत परत घेतो. पेटी बंद पडली तरी दप्तर चालू राहते. तिच्या भिंती अभेद्य नाहीत, पण मधे भिंत आहे हेच पुष्कळ. अल्फ्रेस्कोने २०२१ मधील सातव्या आवृत्तीत जुनी पद्धत काढूनच टाकली.

मला विचाराल तर खरी गंमत पुढेच आहे. टंकलेल्या मराठी अर्जात अक्षरे साठवलेली असतात ती केवळ क्रमांकांच्या रूपाने. त्यांचे आकार फाँटमधून येतात. जुन्या संगणकावर मराठी फाँट कोणीतरी कधीकाळी बसवलेला असतो आणि सगळे ते विसरून गेलेले असतात. पेटीत मात्र तिच्या यादीत लिहिलेले तेवढेच साहित्य जाते. यादीत देवनागरी फाँट लिहायचा राहिला, तर अर्जाच्या चित्रात अक्षरांऐवजी रिकाम्या चौकटींची रांग उमटते. आज्ञावलीच्या दृष्टीने काम बिनचूक झालेले असते, त्यामुळे ती तक्रारही करत नाही!

तेव्हा नवी पेटी सुरू करण्यापूर्वी 'क्षेत्र', 'दऱ्या', 'ज्ञानेश्वर' असे शब्द टंकलेले एक पान तिच्यातून काढावे आणि मराठी वाचता येणाऱ्या माणसाने ते डोळ्यांनी तपासावे.