पोटावर पिशवी की आतड्याचं मूत्राशय?

प्रश्न : वडील ६४ वर्षांचे, ऊसशेती करतात. कर्करोगामुळे मूत्राशय काढावं लागणार आहे. कायमची पिशवी की नवं मूत्राशय?
– एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : पिशवीचं नाव काढलं की घर गप्प होतं. पण ही पद्धत १९५० पासून रुळलेली आहे. लहान आतड्याचा साधारण १५ सेंटिमीटर तुकडा मूत्रनलिकांना जोडून पोटावर तोंड काढतात; लघवी त्यावर लावलेल्या पिशवीत जमते. शस्त्रक्रिया तुलनेनं छोटी, सांभाळणं सोपं. तोंडाची जागा मात्र आधीच, वडिलांना नेहमीच्या पायजम्यात बसवून, आखून घ्या. नाडी त्यावर घासता कामा नये.

नव्या मूत्राशयाला अर्धा मीटरभर आतडं लागतं. लघवी नेहमीच्या वाटेनं होते, पण लागल्याची जाणीव पूर्वीसारखी नसते. घड्याळ लावून, सुरुवातीला रात्रीही उठावं लागतं. काहींना स्वतः नळी घालावी लागते. मूत्रपिंडं कमजोर असतील किंवा मूत्रमार्गात रोग असेल, तर हा पर्याय नाही.

वयापेक्षा क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि वडिलांची तयारी महत्त्वाची. माझं मत : शंका असेल तिथे पिशवीच बरी. तंबाखू असेल तर आजच सोडवा, आणि निर्णयाआधी पिशवीसह शेतात राबणाऱ्या एखाद्या रुग्णाशी त्यांची गाठ घालून द्या.