पीकविम्यांतील दुहेरी नोंद

पालघर व बोईसर-तारापूर भागांतील आमच्या शेतकरी बंधूंस पीकविम्याचा अर्ज करणें आतां नवें राहिलेलें नाहीं. परंतु एकाच्या खोट्या अर्जामुळें शेजाऱ्याची भरपाई कशी घटते, हें फार थोड्यांच्या ध्यानांत येतें.

समजा, एका महसूल मंडळांत भाताची लावणी १,००० हेक्टरांवर झाली आणि विमा मात्र १,२५० हेक्टरांचा उतरला. अशा वेळीं विमाक्षेत्र लावणीच्या प्रमाणांत कमी धरण्याची तरतूद पंतप्रधान पीकविमा योजनेच्या नियमांत आहे. मग ज्यानें एक हेक्टर लावून एकच हेक्टर लिहविलें, त्याच्या पदरीं ८० आरांचीच भरपाई पडावयाची!

क्षेत्र असें फुगतें कसें? कर्जदाराचा विमा बँकेमार्फत उतरतो, आणि तोच गट घरांतील दुसरा कोणी सेवा केंद्रावर पुन्हा नोंदवितो. सामाईक सातबाऱ्यावर दोघे भाऊ सबंध क्षेत्र लिहवितात. हें कित्येकदां अजाणतां घडतें. परंतु सन २०२३ च्या खरिपापासून राज्यांत एका रुपयांत विमा मिळूं लागला, तेव्हां शासकीय व पडीक जमिनींवरही विमे उतरविल्याचें उघडकीस आलें. सन २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली. आतां खरीप धान्यास विमा रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत हप्ता आपणांसच भरावा लागतो. थोड्यांच्या लबाडीचा दंड सर्वांस बसला, असें आमचें मत आहे.

यावर उपाय म्हणजे दप्तरें एकमेकांशीं ताडून पाहणें. वाहनविम्यांत ही रीत रुळलेली आहे. निरनिराळ्या कंपन्यांच्या दाव्यांची माहिती हैदराबादच्या विमा माहिती केंद्रांत एकत्र होते. त्यामुळें तारापूरच्या कारखान्यांस माल नेणाऱ्या टेंपोच्या एकाच मोडतोडीवर दोन कंपन्यांकडून पैसे उकळणें कठीण जातें. पीकविम्याचे अर्जही असेच एका राष्ट्रीय दप्तरांत जमतात. तेथें आधार क्रमांक, बँकखातें व गट क्रमांक जुळवितात. सातबारा व ई-पीक पाहणी यांशीं क्षेत्र व पीक ताडतात. सन २०२५ च्या खरिपापासून शेतकरी ओळख क्रमांकही आवश्यक झाला आहे.

मात्र या ताडणींत चूक व लबाडी एकाच चाळणींत सांपडतात. पाहणींत भाताऐवजीं पडीक लागलें, तर प्रामाणिक माणसाचाही अर्ज अडतो. म्हणून विमा उतरण्यापूर्वीं भावाभावांनीं क्षेत्र वांटून लिहावें, बँकेनें हप्ता कापला कीं नाहीं तें पासबुकांत पहावें, आणि पाहणी मुदतींत स्वतः नोंदवावी. नोंद चुकली असल्यास तलाठ्यांकडे, ज्यांस सांप्रत ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, लेखी अर्ज देऊन त्याची पोंच जपून ठेवावी.