नाव सापडलं म्हणजे लायब्ररी सापडली असं नव्हे

लातूर

चि. बाळास,



तू पाठवलेले पडद्याचे फोटो पाहिले. देगलूरच्या ग्रंथालयात कोहा बसवायचं तू मनावर घेतलंस, याचा मला फार आनंद झाला. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ भागातल्या ग्रंथालयांसाठी हे सॉफ्टवेअर लिहिलं गेलं आणि ३ जानेवारी २००० रोजी ते वापरात आलं. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेट. फुकट मिळतं, मोकळेपणानं वापरता येतं. आपल्या तालुक्याच्या गावाला ते शोभतं. पण लेकरा, तुमच्या संगणकावर फेडोरा ही लिनक्स प्रणाली आहे आणि कोहाची तयार पॅकेजेस निघतात ती डेबियन आणि उबंटू या दुसऱ्या लिनक्स प्रणालींसाठी. तुझ्या तीन रात्रींच्या जागरणाचं मूळ तिथं आहे.

‘एक लायब्ररी टाकली की दुसरी मागतो’ असं तू लिहिलंस. कोहा का मागतो, ते आधी नीट बघ. कोहा पर्ल भाषेत लिहिलेला आहे. ‘कान्ट लोकेट’ म्हणून त्यानं एक्सएमएल-लिबएक्सएमएल हे पर्लचं मॉड्यूल मागितलं. ते तू सीपॅन या पर्ल मॉड्यूलांच्या भांडारातून आणायला गेलास. हे मॉड्यूल लिबएक्सएमएल२ या सी भाषेतल्या लायब्ररीवर उभं आहे. ती तुझ्याकडे होती, पण नवं मॉड्यूल बांधायला तिच्या हेडर फाइली लागतात आणि त्या वेगळ्या पॅकेजात असतात. डेबियनमध्ये त्या पॅकेजाच्या नावाला शेवटी ‘डेव्ह’ लागतं, फेडोरात ‘डेव्हेल’. तू डेबियनसाठी लिहिलेल्या सूचना वाचून फेडोराला डेबियनचं नाव सांगत राहिलास, म्हणून तो ‘सापडत नाही’ म्हणत राहिला. खरं तर हे मॉड्यूल फेडोराच्या स्वतःच्या भांडारात तयार आहे. आधी घरचं भांडार शोधावं, मगच बाहेर जावं. कोणती फाइल कोणत्या पॅकेजात आहे, हे ‘डीएनएफ प्रोव्हाइड्स’ सांगतो. डेबियनवर तेच काम ‘एपीटी-फाइल’ करतो.

तयार बायनरी प्रोग्रॅम अडला तर ‘एलडीडी’ चालव. ज्या ओळीपुढे ‘नॉट फाउंड’ येईल, ती तुझी हरवलेली लायब्ररी. मात्र कुठून आला हे माहीत नसलेल्या प्रोग्रॅमवर एलडीडी चालवू नकोस. त्यातून तो प्रोग्रॅमच चालू होण्याचा धोका असतो. अशा वेळी ‘रीडएल्फ’नं नुसती यादी वाचावी.

आता सिमलिंकबद्दल. ‘जुन्या नावानं नव्या फाइलची लिंक मारून टाकू का?’ असं तू विचारलंस. देगलूरच्या बाजारात तू वाढलास. मदनूरकडून आलेल्या गिऱ्हाइकाशी तेलुगू, औरादकडच्या माणसाशी कन्नड, हे तू लहानपणापासून ऐकलंस. तेलुगू माणसाला मराठी नाव दिलं म्हणून तो मराठी बोलू लागत नाही. लायब्ररीचंही तसंच आहे. उबंटू २४.०४ मध्ये लिबएआयओ या लायब्ररीच्या फाइलनावाला ‘टी६४’ हे शेपूट जोडलं गेलं. १९ जानेवारी २०३८ ला ३२ बिटांचं घड्याळ भरून ओसंडणार, त्याच्या तयारीसाठी हा बदल झाला. ६४ बिटांच्या संगणकांवर वेळ आधीपासूनच ६४ बिटांत मोजली जाते. तिथं नाव बदललं, बोली तीच राहिली. म्हणून तिथं जुन्या नावाची लिंक चालते. उलट ओपनएसएसएल १.१ मागणाऱ्या प्रोग्रॅमपुढे ३.० आवृत्ती त्या नावानं उभी केली, तर तो आतल्या आवृत्तीची खूण तपासतो आणि ‘नॉट फाउंड’ म्हणून थांबतो. बोली बदलली की नाही, हे कळल्याशिवाय लिंक मारू नकोस.

आणि ग्लिबसी या मूळ सी लायब्ररीला हात लावू नकोस. हे मी स्वतः भोगलेलं आहे. नोकरीच्या सुरुवातीला एका कार्यालयात जुन्या सर्व्हरवर नवा प्रोग्रॅम बसवत होतो. त्याला नवी ग्लिबसी हवी होती. मी दुसऱ्या संगणकावरून ती फाइल आणून जुनीवर चढवली. पुढच्या क्षणी ‘एलएस’ चालेना, ‘सीपी’ चालेना, कारण तेही सगळे त्याच फाइलच्या आधारानं उभे होते. शेवटी सीडीवरून संगणक सुरू करून जुनी फाइल परत जागेवर ठेवली. तोवर दीड दिवस लोक रांगेत उभे होते. त्यांचे चेहरे मला अजून आठवतात.

तेव्हा माझा सल्ला ऐक. कोहाला शंभराहून जास्त पर्ल मॉड्यूलं लागतात. ती एकेक करून तू कदाचित जमवशीलही. पण ‘कोहा-क्रिएट’सारख्या सोयीच्या आज्ञा डेबियनच्या पॅकेजातूनच येतात आणि पुढच्या प्रत्येक नव्या आवृत्तीला हाच खेळ पुन्हा मांडावा लागेल. संगणक रिकामा असेल तर सरळ डेबियन टाक. फेडोरा ठेवणं भागच असेल तर त्यात व्हर्च्युअल मशीन करून आत डेबियन बसव. ज्या घरात कोहा वाढला ते घर त्याला दे. यात हार मानण्यासारखं काही नाही. या तीन रात्रींत तू जे वाचायला शिकलास, ते पुढं प्रत्येक सर्व्हरवर कामाला येईल.

सुरू करण्याआधी डेटाबेसची प्रत वेगळ्या डिस्कवर घे. आणि एक वही कर: कोणत्या तारखेला काय बसवलं, कोणती आवृत्ती, कुठून आणलं, कोणती चूक दिसली, ती कशी सुटली. मराठीतच लिही. उद्या तुझी नोकरी दुसऱ्या गावी लागेल. तुझ्या खुर्चीवर बसणाऱ्या पोराला हीच वही हाताशी असेल. ती वही संगणकाशेजारच्या कपाटात ठेव, घरी नेऊ नकोस.

ताईला नमस्कार सांग. रात्री वेळेवर झोप. दमलेल्या डोळ्यांनी रूट होऊन बसू नये.

तुझा,
मामा